चित्रावरून सायकल कशी घालायची

आमच्या आयने पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकली. शिकवली मी. नायगावच्या पूर्वेला आमचं जूचंद्र, त्याच्या खाडीकडच्या बाजूला बंद पडलेली मिठागरं आहेत, उन्हाळ्यात ती जमीन वाळून तव्यासारखी सपाट होते. ना खड्डा, ना कुत्रा, ना बघायला कोणी. माझ्या लहानपणी त्याच मिठागरात आय माझ्या आजोबांबरोबर, म्हणजे तिच्या सासऱ्यांबरोबर, मीठ ओढायची. मी मागून कॅरिअर धरून धावायचे आणि ती पुढे बघायचं सोडून हँडलकडे बघायची. पडली, पुन्हा बसली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत, कासोटा मारलेला. सायकलीला यापेक्षा सोयीचा पोशाख नाही, हे मला तेव्हा कळलं. मी ओढणी चेनमध्ये अडकवून घ्यायचे, ती कधीच अडकली नाही.

शिकायचं कारण साधं होतं. स्टेशनच्या बाजूच्या एका शाळेत तिला खिचडी शिजवायचं काम मिळालं होतं. पहिल्यांदाच स्वतःचं काम. त्याआधी ती सासऱ्याच्या मिठागरात राबली, दिराच्या शेतात राबली, त्याला कोणी काम म्हटलं नाही. शाळेत सकाळी वेळेवर पोचायला हवं आणि आमच्या नाक्यावरची शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. भरायला आली की रिक्षावाला तिला म्हणायचा, मावशी, तुमची पातेली दुसऱ्या रिक्षात. एक दिवस ती घरी येऊन म्हणाली, "बाय, तुजी ती कॉलेजची सायकल गंजतंय नुसती. मना शिकव."

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. सिव्हिल इंजिनीअर. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मिरवते. मिरवतेच. आमच्या आळीत माझ्याआधी बारावीच्या पुढे गेलेली मुलगी नव्हती, आणि माझ्या फीसाठी घरात काय काय थांबलं ते मी बघितलेलं आहे. त्यामुळे मान ताठ ठेवायचा हक्क माझा आहे असं मी मानते.

तर आय सायकलवरून जायला लागली. हँडलला डबा, मागे पिशवी. पहिले काही दिवस गाव हसलं. बायका म्हणाल्या, म्हातारपणी हिला कॉलेज सुचलं. मग सवय झाली. शाळेतली मुलं तिला "सायकलवाली मावशी" म्हणायची, आणि हे ती घरी येऊन तिसऱ्या माणसाची गोष्ट सांगावी तशी सांगायची.

पण आमचा रस्ता. नायगाव पूर्वेला ज्यांनी गेल्या काही वर्षांत पाय ठेवला नाही त्यांना सांगून कळणार नाही. भातशेती होती तिथे टॉवर उभे राहिले. टॉवरला माती लागते म्हणून डंपर, टॉवरमधल्या लोकांना पाणी लागतं म्हणून टँकर. टँकरवाल्याला जेवढ्या फेऱ्या तेवढा फायदा, म्हणून तो थांबत नाही. रस्ता मात्र बैलगाडीच्या मापाचा. एकदा एका टँकरने आयला एवढं दाबलं की ती गटारात उतरली. गुडघा फुटला, डबा चेपला. तिने घरी सांगितलं पाय घसरला. डबा बघून धाकट्या भावाने ओळखलं.

भाऊ तापला. उद्यापासून सायकल बंद म्हणाला, मी कुलूप घालतो. आय म्हणाली, मग काम पण बंद. भाऊ म्हणाला, होऊ दे. तेव्हा ती भांडी घासायला बसली आणि एकेक भांडं दोनदा घासलं.

त्याच सुमाराला आमच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं आणि त्याच्या ड्रॉइंगचं काम मी नोकरी करते त्या खासगी ऑफिसकडे आलं. मी घरी सांगितलं. भावाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, तू नकाशे काढतेस ना? मग आयचा रस्ता काढ. तो झाला तर चालवू दे तिला. नाही झाला तर मी सायकल भंगारात देईन, मग मला बोलू नकोस."

एवढं सरळ होतं. रस्ता झाला तर आयची सायकल, आणि सायकल तर आयचं काम.

मी मन लावून काढला. शाळेपर्यंत सलग सायकल ट्रॅक, मुख्य रस्त्यापासून वेगळा, मधे कर्ब, सिमेंटची चांगली उंच कड, म्हणजे टँकरचं चाक चढणार नाही. जिथे सोसायट्यांची गेटं आणि गल्ल्या रस्त्याला मिळतात तिथे ट्रॅक खाली न उतरवता गाड्यांनाच चढून जायला लावायचं, म्हणजे त्यांचा वेग आपोआप पडतो. गटाराची झाकणं ट्रॅकच्या पातळीत, फटी आडव्या, सायकलीचं चाक अडकू नये म्हणून. शाळेसमोर सायकली लावायला जागा, वर पत्रा. ही काही आकाशातली कल्पना नव्हती, पुस्तकात आहे, परीक्षेला येतं. मी फक्त ते आमच्या गावाला लावून बघितलं.

आमच्या साहेबांनी ड्रॉइंग बघितलं, चांगलं आहे म्हणाले आणि लाल पेन काढलं. कर्ब काढा, पावसाचं पाणी तुंबेल. मी म्हटलं पाण्याला वाट ठेवली आहे. ते म्हणाले, ठेवली असेल, पण दुकानदार ऐकणार नाहीत, त्यांना गाडी लावायला लागते. गेटांवरचे उंचवटे काढा, सोसायट्या तक्रार करतील. सायकलींची जागा काढा, तिथे फेरीवाले बसतील. एकेक कारण ऐकलं तर खोटं नव्हतं. सगळं झाल्यावर उरला रस्त्याच्याच पातळीतला एक पट्टा. त्याला हिरवा रंग आणि कडेला प्लास्टिकचे खांब, असं ठरलं.

रस्ता झाला. पट्टा झाला. रंग आणि खांब पुढच्या टप्प्यात, असं कळलं. पुढचा टप्पा म्हणजे काय हे आमच्या भागात लहान मूल पण सांगेल. बिनरंगाच्या त्या काळ्या पट्ट्यावर पहिल्या आठवड्यातच रिक्षा लागल्या, मग वडापावची गाडी, मग कोणाची तरी बंद पडलेली कार. आय पूर्वीसारखीच टँकरच्या बाजूने. फरक एवढाच की रस्ता गुळगुळीत झाल्याने टँकर आता जास्त जोरात.

भावाने नवं कुलूप आणलेलं मी बघितलं.

इथे आमच्या गावाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे रांगोळी काढतात. सगळेच काढतात म्हणा, पण आमच्याकडे पुरुष काढतात, माणसांचे चेहरे काढतात, आणि असे काढतात की डोळ्यातलं पाणी दिसावं. दिवाळीत लांबून लोक बघायला येतात. माझा चुलतभाऊ, मी दादा म्हणते, गावातल्या चांगल्या हातांपैकी एक. दिवसा तो सोसायट्यांच्या भिंती रंगवायचं काम घेतो. मी एकदा त्याच्यापुढे रडगाणं गायलं की रंगाशिवाय ट्रॅक कोणाला ट्रॅक वाटत नाही. तो म्हणाला, "रंगच ना? आपल्या गावाला रंगासाठी कोणाचं तोंड बघायची काय गरज? दिवाळीच्या सुट्टीत आपण करू."

मला वाटलं हिरवा पट्टा आणि पांढरी सायकल. तो म्हणाला, हिरवा तर टँकरलाही असतो. लोकांना थांबून बघावंसं वाटलं पाहिजे, तर रिक्षा लावणार नाहीत. हे मला पटलं. देव काढू नकोस, एवढं मी बजावलं. तो चिडलाच. "एवढी अक्कल हाय मना. देवावरून चाक जाईल कं?"

दिवाळीच्या सुट्टीत दादाने आणि गावच्या रांगोळी मंडळाच्या पोरांनी पाठी मोडून काम केलं. रांगोळी नाही, रस्त्यावर टिकेल असा रंग, पण हात रांगोळीचाच. देव एकही नव्हता. मिठाच्या राशी होत्या, मिठागराचे बांध, टोपली डोक्यावर घेतलेल्या बायका, खाडीतली होडी, भात झोडणारा एक म्हातारा, ज्याला सगळ्या गावाने ओळखलं कारण तो वारून फार दिवस झाले नव्हते. आणि शाळेच्या अलीकडे, लुगडं नेसलेली एक बाई सायकलवर, हँडलला डबा. चेहरा माझ्या आयचा. समोरून बघितलं तर ती तुमच्याकडेच येते आहे असं वाटायचं.

आय ते बघायला गेली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. बायकांनी चेष्टा केली, आता हिला हार घाला. "मेले नाय अजून," आय म्हणाली, पण तिथून लवकर हलली नाही.

आणि दादाचं खरं ठरलं. रिक्षा गेल्या. वडापावची गाडी मागे सरकली. टॉवरमधली माणसं मुलांना घेऊन संध्याकाळी यायची, फोटो काढायची. त्या पट्ट्यावर एक चाक नव्हतं. मी ऑफिसात साहेबांना फोटो दाखवले आणि म्हटलं, बघा, कर्बशिवाय झालं. दिवाळीचे ते दिवस मी फार सुखात होते.

सुट्टी संपून शाळा उघडली. पहिल्या सकाळी मी मुद्दाम नाक्यावर उभी राहिले. शाळेतली मुलं सायकलवरून आली. पहिला मुलगा पट्ट्यापाशी आला, चित्र बघितलं आणि हँडल वळवून रस्त्यावर गेला. मागचे सगळे त्याच्या मागोमाग, पट्ट्याची कड धरून, टँकरच्या रांगेत. मग आय आली. ती उतरली, चित्राच्या कडेकडेने सायकल हातात धरून थोडी चालली, मग उशीर होतो म्हणून पुन्हा बसली आणि रस्त्याला लागली.

बाहेरगावचा एक वॉचमन मात्र पट्ट्यावरून सायकल घेऊन आला. त्याला कोणीतरी ओरडलं, ओ भैया, पेंटिंग पे से मत जाओ. तो बिचारा माफी मागून खाली उतरला.

मी आयला घरी विचारलं. ती मलाच वेड्यात काढायला लागली. म्हणाली, "रांगोलीवर पाय पडला तं तुना लहानपनी कोन मारायचा? मीच ना? आता त्याच्यावर चाक कसा घालू?" मी म्हटलं ती रांगोळी नाही, रस्त्याचा रंग आहे, चाकासाठीच काढलाय. ती म्हणाली, "पोरांनी काढलाय ना हातानं?"

यावर पुस्तकात काही नाही. आमच्याकडे रांगोळी दारात असली तर माणूस वळसा घालतो, पाहुणा असो की पोस्टमन. पुसायची तीही हाताने, पायाने नाही. हे कोणी शिकवत नाही, पाठीत धपाटा बसतो आणि कळतं. मलाही बसलेला होता. दादालाही. देव नाही काढले म्हणजे झालं असं आम्हा दोघांना वाटलं होतं. देव नव्हते, पण माणसं आमचीच होती. कोण चाक घालणार?

मी दादाला म्हटलं, यावर हिरवा मार. मग मंडळाच्या शेडपाशी चार माणसं जमलेली असताना त्याने तोंड उघडलं. तुझ्या ऑफिसने पांढरी रेघ पण दिली नव्हती, आम्ही निदान रिक्षा तरी हलवल्या, असं म्हणाला. मी म्हटलं, हलवल्या, मान्य, पण सायकली पण हलवल्या. लोकांनी सायकल घालावी, हे समजावून सांगू या. त्यावर कट्ट्यावर बसलेला एक काका म्हणाला, "आधी तू घाल. तुज्या आयच्या तोंडावरून." सगळे हसले. मीही हसले असते, विषय दुसरा असता तर.

दुसऱ्या सकाळी मी आयची सायकल घेतली आणि पट्ट्यावरून निघाले. मिठाच्या राशींवरून गेले, होडीवरून गेले. नाक्यावरची माणसं बघत होती. कोणीतरी म्हणालं, इंजिनेर बाय निघाली. म्हाताऱ्यापाशी माझं हँडल जरा डगमगलं, तरी गेले. आयपाशी आल्यावर मी खाली बघितलं नाही, समोर शाळेच्या फाटकाकडे बघितलं आणि पायडल मारलं. मागे वळून बघितलं तर तिच्या कपाळावरून गालापर्यंत चिखलाची ओली रेघ उठली होती. माझ्या मागून कोणीही आलं नाही. दुपारपर्यंत कोणीतरी पाणी टाकून तो गाल पुसून काढला होता.

संध्याकाळी आय म्हणाली, "घातलीस ते बरा केलंस. तुजा काम हाय ता. पन मना नाय जमनार, बाय." यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

भावाला मी म्हटलं थोडे दिवस दे, रंग जुना होईल, लोक सवय करतील. तो म्हणाला, आणि टँकर? टँकर सवय करतील का? मी म्हटलं, ऑफिसात खांबांसाठी पुन्हा पत्र टाकलंय. हे खरं होतं. तो हसला, आणि कुलूप खिशातच ठेवलं. तेवढा त्याने माझा मान राखला.

जे व्हायचं ते थंडीच्या दिवसांत झालं, अगदी साध्या सकाळी. आय नेहमीसारखी सायकलवरून पट्ट्याची कड धरून चालली होती. मागून टँकर आला, हॉर्न वाजवला. उजवीकडून एक रिक्षा टँकरला ओलांडून पुढे जात होती, म्हणून टँकर आत आला. डावीकडे पट्टा मोकळा होता, स्वच्छ, रुंद, रिकामा. मी काढलेला. आयने हँडल डावीकडे घेतलं, समोर चित्रातली टोपलीवाली बाई आली, आणि तिने हँडल परत उजवीकडे ओढलं. टँकरने तिला स्पर्शही केला नाही. ती आपोआप पडली, आडवी, खुब्यावर. टँकरवाला थांबला, त्यानेच उचलून रिक्षात घातलं. वाईट माणूस नव्हता तो. सारखं म्हणत होता, जागा होती मावशी, एवढी जागा होती.

खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, आत सळई आहे. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर तिने मला सांगितलं, "डावीकरं गेले असते तं वाचले असते. मना कलत होता. हात फिरलाच नाय."

भाऊ कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा चहाचा कप खाली ठेवत एवढंच म्हणाला, "रस्ता चांगला काढलास, ताई." उत्तर माझ्याकडे आहे. कर्ब असता तर टँकर आत आलाच नसता. चित्र नसतं तर त्या जागी रिक्षा असत्या आणि आय तिथेच पडली असती, कदाचित चाकाखाली. हे सगळं मी कागदावर काढून सिद्ध करू शकते. घरात पलंगावर पडलेल्या बाईसमोर सिद्ध करून काय करू?

शाळेने थोडे दिवस वाट बघितली, मग दुसरी बाई घेतली. त्यांचंही बरोबर, मुलांना रोज जेवायला लागतं. आय आता काठी घेऊन अंगणापर्यंत येते. मुलं शाळेतून जाताना हाक मारतात, मावशी, नवीन बाईची खिचडी पांचट असते. ती म्हणते, मीठ कमी घालत असेल, सांगा तिला.

मुलं आता पायी जातात, किंवा बापाच्या स्कूटरवर. आयचं झाल्यावर गावात कोणी पोरांना सायकल देत नाही.

मागच्या महिन्यात दादा आला. दोन्ही हातांत हिरव्या रंगाचे डबे, कडेला ब्रश. दारात उभा राहिला, आत येईना. आयच म्हणाली ये. तो खाली मान घालून म्हणाला, काकी, उद्या सगळं पुसून हिरवा मारतो, पोरं तयार आहेत. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाय सांगत होती तसा."

मी म्हटलं, मार. आजच मार.

आयने काठी टेकवली आणि पाय जरा लांब केला, तिला एका जागी बसवत नाही. "कनाला?" ती म्हणाली. "मी आता कुठं चालवनार हाय? र्‍हाव दे. तुज्या हाताचा हाय, चांगला दिसतं."

मी म्हटलं आय, तू नाहीस चालवणार, बाकीचे चालवतील, पुढची मुलं चालवतील. माझा आवाज चढला होता. भाऊ आतून म्हणाला, "कोण बाकीचे, ताई? दाखव ना मला एक."

मी रस्त्याकडे बघितलं. आमच्या अंगणातून तो पट्टा थोडासा दिसतो. शाळा सुटायची वेळ होती. स्कूटर होत्या, रिक्षा होत्या, दोन टँकर पाठोपाठ. एखादी तरी सायकल येईल म्हणून मी बराच वेळ बघत राहिले. आय दादाला म्हणाली, उभा काय र्‍हायलास, बस, चहा घे. त्याने डबे दाराबाहेर ठेवले आणि बसला. मी चहा टाकायला आत गेले. जाताना त्याने डबे परत नेले.